हिरड्या, दात आणि उरलेले शरीर : तुमचे अनुभव लिहा

पाणवठा :
परवा कपाट आवरताना वडिलांची कवळी ठेवायची डबी हाती लागली आणि सुमारे 20 वर्षांपूर्वीचा काळ डोळ्यांपुढे उभा राहिला. वडिलांना मधुमेह होता. पथ्य आणि औषधे नेमाने चालू असूनही त्या वर्षी साखर आटोक्यात येईना. गोळ्यांचे प्रमाण दोनदा वाढवावे लागले, आणि त्याच काळात चूळ भरताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत असे. पण ही गोष्ट मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगावी, असे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही. पुढचा दात हलू लागला तेव्हा ते दंतवैद्याकडे गेले आणि तोंड पाहताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो साखरेचा. हिरड्यांच्या आतली सफाई चार बैठकींत पूर्ण झाली. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) 8.9 वरून 8.4 वर आले. त्याच सुमारास त्यांनी चालणेही वाढवले होते, म्हणून सगळे श्रेय मी त्या सफाईला देणार नाही. मात्र वाढलेली साखर हिरड्यांचा संसर्ग बळावू देते आणि हिरड्यांतली सततची सूज इन्शुलिनचे काम अवघड करते, हे दुहेरी नाते मला तेव्हा प्रथम समजले. तोंडाचे दुखणे आणि अंगातला आजार यांची अशी गाठ तुमच्या घरी पडली असेल, तर अवश्य लिहा.

मृद्गंध :
माझ्या सासूबाईंच्या बाबतीत नेमके हेच घडले. फरक एवढाच की आम्ही उशीर केला आणि त्यांचे सहा दात गेले.

दूरचा दिवा :
माझ्या धाकट्या भावाच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. त्याला एकदा संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले, तीन आठवडे निरनिराळ्या गोळ्या झाल्या आणि ताप उतरून पुन्हा येतच राहिला. अखेर एका डॉक्टरांनी प्रतिजैविक बंद ठेवून रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याची चाचणी, करवले, तेव्हा त्यात तोंडात नेहमी आढळणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस गटातले जिवाणू सापडले. ते झडपेवर जाऊन बसले होते. खालच्या दाढेच्या मुळाशी जुने गळू होते, आणि ते दुखत नसल्यामुळे त्याने कधी दाखवलेच नव्हते. सहा आठवडे शिरेतून औषध चालले. त्या सहा आठवड्यांत आईने रोज किती वेळा तापमान मोजले, याला गणती नाही.

आता दाढ काढायची असो वा हिरड्यांची सफाई असो, त्याआधी तासभर तो हृदयरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेले प्रतिजैविक घेतो. घरातल्या इतरांना मात्र त्याची गरज नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये ही खबरदारी कृत्रिम झडप, पूर्वी झालेला असाच संसर्ग, काही जन्मजात हृदयदोष अशा मोजक्या अवस्थांपुरती मर्यादित केली. रोज दात घासताना आणि चावतानाही जिवाणू थोड्या प्रमाणात रक्तात जातच असतात, त्यामुळे एका गोळीपेक्षा तोंड नेहमी निरोगी राखणे अधिक मोलाचे आहे, असे आम्हांला समजावून सांगण्यात आले.

ओंजळ :
दूरचा दिवा, माझ्या आईला स्टेंट बसवला आहे. तिलाही हे प्रतिजैविक लागेल का?

दूरचा दिवा :
स्टेंट त्या यादीत येत नाही. परंतु ती रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना ते सांगा आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

शेवंती :
औषधांचा विषय निघाला म्हणून लिहिते. हाडे ठिसूळ झाल्यामुळे माझ्या मावशीला वर्षातून एकदा इंजेक्शन दिले जात असे. दंतवैद्यांनी औषधे विचारली, तेव्हा तिने रोजच्या गोळ्या अचूक सांगितल्या. वर्षातून एकदाचे इंजेक्शन तिच्या लेखी औषधांत जमाच नव्हते. दाढ काढल्यानंतर ती जागा आठ आठवडे उलटले तरी भरली नाही आणि जबड्याचे हाड उघडे दिसू लागले. ते इंजेक्शन हाडांची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातले होते. या गटातल्या औषधांमुळे असे क्वचित होते आणि या औषधांशी असलेला त्याचा संबंध 2003 पासून नोंदलेला आहे. हाडांसाठी ते इंजेक्शन तिला आवश्यकच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्या, एवढे एक वाक्य कोणी बोलले असते, तर तिचे कित्येक महिने वाचले असते.

कोवळे ऊन :
उलट बाजूचा एक अनुभव. माझ्या हिरड्या दातांवर चढू लागल्या होत्या आणि मी महिनोन्‌महिने पेस्ट बदलत राहिले. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनमुळे तसे होऊ शकते, हे दंतवैद्यांनी ओळखले. डॉक्टरांनी गोळी बदलून दिल्यावर काही महिन्यांत हिरड्या ओसरल्या.

पाणवठा :
आपण सर्वांनी मनापासून लिहिलेत. एक भर घालतो. हिरड्यांचे आजार आणि हृदयविकार एकत्र आढळतात हे खरे, पण एकामुळे दुसरा होतो असे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशननेच 2012 मध्ये स्पष्ट केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सांधेदुखीपासून मनोविकारांपर्यंत सगळ्यांचे मूळ दातांत शोधून असंख्य लोकांचे चांगले दात उपटले गेले होते, त्यामुळे हा संबंध सांगताना तोलून बोलावे असे मला कळकळीने वाटते.

सांजवात :
माझे सासरे अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळले. त्यांना गिळायला त्रास होई, कवळी रात्रीही तोंडातच राही आणि वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी परिचारिकाताईंनी सांगितले, की तोंडातली लाळ जिवाणूंसह श्वासनलिकेत उतरते. तेव्हापासून रात्री कवळी काढून, घासून पाण्यात ठेवतो आणि दोन वेळा तोंड स्वच्छ करतो. त्यानंतर दीड वर्षात तसा आजार आला नाही.

ओंजळ :
सांजवात ताई, आजी ब्रश लावताच दात आवळतात. तुम्ही काय करता?

सांजवात :
आधी ओठ ओले करा. त्यांना बसवा, नाहीतर कुशीवर वळवा, आणि लहान मऊ ब्रशने गालाच्या आतल्या बाजूने सुरुवात करा. दातांच्या मधे बोट घालू नका. पेस्ट अगदी थोडी घ्या आणि शेवटी ओल्या गॉजने पुसून काढा. पहिले काही दिवस केवळ बाहेरची बाजू झाली तरी चालेल. आमच्याकडे पूर्ण तोंड उघडायला तीन आठवडे लागले.