23 लिटरची लागर 200 लिटरला नेताना माल्ट किती धरावे? (सल्ला हवा)

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार. नोकरीनिमित्त मेलबर्नला असताना मी सहा वर्षे घरीच लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर) बनवत होतो, कारण तिथे स्वतःपुरती बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय मद्य बनवणे महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे सांगलीला परतल्यावर मी एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत रुजू झालो आणि घरची पाककृती आता तिथल्या यंत्रणेवर उतरवण्याचा प्रयत्न करीत आहे.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव; त्याच्या तीन प्रकारांचे मूळ प्रमाण 23 लिटरसाठी असे होते: पिल्सनर माल्ट साडेचार किलो, म्युनिक 350 ग्रॅम आणि कॅरापिल्स 100 ग्रॅम, म्हणजे एकूण 4.95 किलो. या मापाने सुरुवातीची घनता (आंबवण्याआधीची, पाणी 1.000 धरून) न चुकता 1.048 मिळायची. गेल्या महिन्यात 100 लिटरची चाचणी घेतली तेव्हा त्रैराशिक मांडून साडेएकवीस किलो माल्ट घातले, परंतु घनता 1.041 वरच थांबली. बिअर वाईट नव्हती, मात्र पातळ लागली आणि माल्टचा भरीव गोडवा जिभेवर टिकला नाही. आता 200 लिटरचा घाणा धरायचा आहे. वजन कसे काढावे, आणि देशी पिल्सनर माल्ट वापरल्यास काय बदलावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

इस्लामपूरकर:
आपली अडचण ओळखीची आहे, आणि ऊसपट्ट्यातल्या माणसाला ती एका शब्दात सांगता येते: उतारा. ऊस तोच असला तरी दोन कारखान्यांचा साखर उतारा सारखा येत नाही. माल्टचेही तसेच आहे. मी काही वर्षे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केले असल्याने मला हा हिशेब प्रथम याच भाषेत समजला. आपण किलोंना गुणले, पण गुणायला हवे होते ते वर्टमध्ये (माल्टच्या गोड रसात) उतरणाऱ्या साखरेला.

चांगल्या पिल्सनर माल्टचा एक किलो, त्यातले सगळे सत्त्व उतरले असे धरल्यास, एका लिटरला सुमारे 300 अंश देतो. येथे अंश म्हणजे घनतेतले शेवटचे आकडे, 1.048 असेल तर 48. घरी आपल्याला 23 लिटर गुणिले 48, म्हणजे 1,104 अंश मिळत होते, आणि 4.95 किलोमध्ये होते 1,485. म्हणजे उतारा सुमारे 74 टक्के होता. चाचणीत 6,450 पैकी 4,100 अंशच आले, म्हणजे उतारा 64 टक्क्यांवर घसरला. (नमुना 20 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करूनच मोजला होता ना? गरम वर्टमध्ये हायड्रोमीटर नेहमी कमी आकडा दाखवतो.)

याच उताऱ्याने 200 लिटरला 9,600 अंश हवे असतील, तर 9,600 भागिले 192 (300 चे 64 टक्के), म्हणजे बरोबर 50 किलो माल्ट लागेल. तोच उतारा 75 टक्क्यांवर आला, तर 43 किलोंपेक्षा थोडे कमीच पुरेल. म्हणून सात किलो माल्ट वाढवण्याआधी उतारा का घटला ते शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा पहिला संशय भरडीवर आहे. माल्ट कुठे भरडले?

कृष्णाकाठ:
नमुना थंड करूनच मोजला होता. आमचा रोलर (दोन रुळांच्या फटीत दाणे चेपणारे यंत्र) त्या वेळी दुरुस्तीला गेला होता, म्हणून माल्ट गावातल्या गिरणीत जाड भरडून आणले. पीठ झाले तर मॅश (गरम पाण्यात कालवलेली भरड) गाळताना तुंबेल या भीतीने दगड बरेच उचलायला सांगितले होते.

इस्लामपूरकर:
मग उत्तर तिथेच आहे. पुढच्या वेळी मूठभर भरड पांढऱ्या कागदावर पसरून पाहा. फोलपट अखंड, दोन फाकांत उघडलेले दिसले पाहिजे. आतल्या पांढऱ्या गराचे तीन-चार तुकडे झालेले असले पाहिजेत. आणि शंभर दाण्यांत एखाददुसराच दाणा साबूत राहिला पाहिजे. साबूत दाण्यात पाणी शिरत नाही, त्यातली साखर चोथ्याबरोबर गुरांच्या दावणीत जाते. दगडी गिरणीत फोलपट आणि गर यांना वेगळी वागणूक देता येत नाही, त्यामुळे रोलरच हवा, फट 1.2 मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करावी.

आणखी एक युक्ती आपल्या घरांतलीच आहे. शेवयांचा रवा काढण्याआधी बायका गहू ओलवतात, तसे माल्टही ओलवावे: वजनाच्या दोन टक्के पाणी, म्हणजे 50 किलोंना एक लिटर, फवाऱ्याने शिंपडून दहा मिनिटे हलवत राहावे. फोलपट चिवट होते, तुटत नाही. मग फट थोडी कमी केली तरी गाळणीचा थर मोकळा राहतो.

पाण्याचे माप विसरू नका. किलोला तीन लिटर धरल्यास 50 किलोंना 150 लिटर पाणी लागेल, आणि माल्टची स्वतःची जागा सुमारे 34 लिटर. 200 लिटरचा मॅश टन (मॅशचे भांडे) जवळजवळ काठोकाठ भरेल. चोथा किलोमागे साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतो, तेही स्पार्जच्या (चोथ्यातली उरलेली साखर गरम पाण्याने धुण्याच्या) हिशेबात घ्यावे. उकळताना उडणारे पाणी मात्र घरच्या टक्केवारीने काढू नका, कारण ते भांड्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरते. नुसते पाणी तासभर उकळून एकदा मोजून ठेवा.

जरंडेश्वर (सातारा):
वरील हिशेबात एक दुरुस्ती सुचवतो. उतारा घटल्यामुळे जे माल्ट वाढवायचे, ते सगळे पिल्सनरमध्येच वाढवावे. म्युनिक आणि कॅरापिल्स लिटरच्या प्रमाणात ठेवावेत, म्हणजे 200 लिटरला अनुक्रमे तीन किलो आणि 900 ग्रॅम. टक्केवारी कायम ठेवून म्युनिकही वाढवले, तर रंग आणि भाजका स्वाद मूळ पाककृतीपेक्षा गडद होतो. या फिकट लागरमध्ये फरक अर्ध्या किलोचाच आहे, पण गडद लागर करताना हीच सवय महाग पडते.

देशी माल्टबद्दल: प्रत्येक पोत्याच्या लॉटचे तपासणीपत्रक मागून घ्या आणि त्यातले सत्त्वाचे व प्रथिनांचे आकडे पाहा. सत्त्व कमी असेल तर 300 च्या जागी 290 धरावे लागेल. प्रथिने जास्त असतील तर बिअर गढूळ राहू शकते. तेव्हा पिल्सनरचा दहा टक्के भाग जाड पोह्यांनी बदलून पाहा. तांदूळ आधी शिजवावा लागतो, कारण त्यातला स्टार्च मॅशच्या तापमानाला नीट फुलत नाही. पोहे भिजवून, भाजून चेपलेले असल्याने थेट मॅशमध्ये घालता येतात. मात्र आपली तक्रार पातळपणाची आहे, म्हणून ही पायरी आत्ता नको; आधी शुद्ध माल्टवर 1.048 मिळवा.

पाण्याकडेही लक्ष द्या. आजच्या चेकियातल्या प्लझेनमध्ये 1842 साली फिकट लागर जमली, त्यात तिथल्या अतिशय मृदू पाण्याचा मोठा वाटा होता. आपल्या बोअरचे जड पाणी फिकट माल्टबरोबर मॅशचा पीएच वर ठेवते. निम्मे आरओचे पाणी मिसळून पीएच 5.4 च्या जवळ आणा. तरीही वर राहिला तर आंबवलेले माल्ट घाला, एक टक्क्याला पीएच साधारण 0.1 ने उतरतो.

इस्लामपूरकर:
म्युनिकबद्दलची दुरुस्ती मला मान्य आहे. मी टक्केवारीनेच करत आलो, पण गडद घाण्यात रंग का सरकतो याचा उलगडा आत्ता झाला.

कृष्णाकाठ (तीन आठवड्यांनी):
रोलर दुरुस्त होऊन आला. 200 लिटरला हात घालण्याआधी पुन्हा 100 लिटरच घेतले: माल्ट 24 किलो, ओलवून भरडलेले, निम्मे आरओचे पाणी, मॅश 66 अंश सेल्सिअसवर तासभर. कागदावर भरड पसरली तेव्हा फोलपटे भाताच्या तुसासारखी अखंड दिसली. गाळणी एकदाही अडली नाही आणि घनता आली 1.051, म्हणजे उतारा 71 टक्के. त्यानुसार 200 लिटरला 45 किलो बसतात: म्युनिक तीन, कॅरापिल्स 900 ग्रॅम, बाकी 41 किलो 100 ग्रॅम पिल्सनर. मॅश टनमध्येही आता सुमारे 35 लिटरची जागा मोकळी राहते. शनिवारी पहाटे घाणा धरतो आहे.