रोजच्या लोकलप्रवासात प्रभूची भेट कशी ओळखावी?

प्रश्न (वसई)

सर्वांना जय येशू.

मी वसईच्या एका धर्मग्रामातील कॅथलिक स्त्री असून गेली १९ वर्षे वसई रोड ते चर्चगेट हा ५२ किलोमीटरचा प्रवास नोकरीसाठी रोज दोन वेळा करते. यंदाच्या प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, आमच्याकडे उपदेशात सांगण्यात आले की प्रभूला केवळ वेदीपाशी शोधू नका, आपल्या नित्याच्या वाटेवरही शोधा. ते मला मनापासून पटले, म्हणून त्या काळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मी एक वही घातली आणि प्रवासात जे जे दिसेल त्याचा आध्यात्मिक अर्थ तिच्यात लिहू लागले. नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली की ते स्नानसंस्काराचे (बाप्तिस्म्याचे) पाणी, बोरिवलीला डब्यात शिरणारी गर्दी म्हणजे क्रूसाची वाट, अंधेरीला अचानक मिळालेली बसायची जागा म्हणजे कृपा, असे मी रोज लिहीत गेले. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आला तोवर वही भरली होती, परंतु मला आतून काहीही लाभले नव्हते. ते सारे अर्थ मी बळेच चिकटवलेले होते, आणि ईस्टरनंतर ती वही उघडण्याची इच्छाही झाली नाही.

याच्या उलट, ज्याची मी कधी नोंद केली नाही अशा एका गोष्टीने मला अनेकदा हलवले आहे. आमच्या लेडीज डब्यात सकाळी काही बायका टाळ वाजवून अभंग म्हणतात. त्या गाऊ लागल्या की मी जपमाळ हातात धरून स्वस्थ बसते आणि माझे मन खरोखर शांत होते. त्या शांतीला प्रभूची भेट म्हणावे की नाही, याविषयी माझ्या मनात संकोच आहे.

माझा प्रश्न असा आहे की रोजच्या जगण्यात आणि प्रवासात ख्रिस्ती अर्थ सापडतो तो नेमका कसा? तो आपण शोधायचा असतो, की तो आपल्याला भेटतो?

प्रतिसाद (नाशिक, निवृत्त धर्मशिक्षक)

ताई, आपण वही घातलीत यात काहीच चुकले नाही. मला वाटते, ती भरण्याची वेळ चुकली असावी.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसची वाट पुन्हा एकदा सावकाश वाचावी अशी आपणांस विनंती आहे. यरुशलेमहून अम्माऊस साठ स्टादिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. प्रभूचा शिष्य क्लयपा आणि त्याचा सोबती, ज्याचे नावही लूक देत नाही, ती वाट चालत असताना पुनरुत्थित प्रभू त्यांच्याबरोबर चालत होता आणि शास्त्र उलगडून सांगत होता, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. मुक्कामी पोहोचल्यावर, जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा त्यांचे डोळे उघडले, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. वाटेवर आपले अंतःकरण पेटले होते ही गोष्ट ते त्यानंतर एकमेकांना सांगतात. चालत असताना त्यांना ती जाणवली असावीच, पण तिला नाव देता आले नव्हते. ज्या दोघांबरोबर प्रभू स्वतः चालला त्यांनाही वाटेत अर्थ लागला नाही, तर गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून तो आपल्याला त्याच वेळी लागावा असा आग्रह आपण का धरावा?

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा अनुभवही असाच मागाहून उमगलेला आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर ते लोयोलाच्या घरी अंथरुणाला खिळून होते. कधी ते शौर्याची आणि दरबारी मानमरातबाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांप्रमाणे जगण्याची कल्पना करीत. दोन्ही विचार त्या त्या वेळी सारखेच गोड वाटत, मात्र पहिले ओसरल्यावर मन कोरडे पडे आणि दुसरे ओसरल्यावरही आनंद मागे उरे. हा फरक त्यांना पुष्कळ दिवसांनी ध्यानात आला आणि त्यातूनच पुढे दिवसाच्या शेवटी दिवसाकडे प्रार्थनापूर्वक मागे वळून पाहण्याची त्यांची शिस्त आकाराला आली. आपल्या आत्मचरित्रात ते स्वतःचा उल्लेख ‘यात्रेकरू’ असा करतात, हेही येथे सांगण्यासारखे आहे.

म्हणून माझी सूचना अशी की गाडीत काहीही लिहू नये. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसावे, आजचा दिवस दाखव अशी पवित्र आत्म्याला विनंती करावी, आणि सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्यावा. मन कोठे थांबते ते पाहावे. कदाचित ते पुलावर थांबणारच नाही, ज्याकडे आपण धड पाहिलेही नव्हते अशा एखाद्या चेहऱ्यावर थांबेल. काही रात्री काहीच हाती लागणार नाही, त्या रात्रीही ‘आमेन’ म्हणून झोपावे.

प्रतिसाद (अहिल्यानगर, शिक्षिका)

सप्रेम सलाम.

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, आणि आपल्या अभंगांच्या संकोचाबद्दल मला विशेष लिहायचे आहे, कारण आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या इतिहासातील एक मोठी घटना आगगाडीच्या डब्यातच घडलेली आहे.

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. त्याने त्यांच्याशी सौजन्याने गप्पा मारल्या, संस्कृत काव्याविषयी बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत त्याने त्यांच्या हाती ठेवली. आपण ही गोष्ट लहानपणापासून इतक्या वेळा ऐकतो की जणू टिळकांना डब्यातच साक्षात्कार झाला अशी आपली समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात डब्यात तसे काहीच झाले नाही. टिळकांनी ते पुस्तक नंतर, वाचीन असा त्या प्रवाशाला दिलेला शब्द पाळायचा म्हणून, वाचायला घेतले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते त्यातून बाहेर पडू शकले नाहीत. पुढे मनातील झगडा, पत्रव्यवहार, घरच्यांपासून लपवलेली तगमग असा काळ गेला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट सांगताना त्या प्रवाशाचे नाव मात्र बहुधा घेतले जात नाही. आपल्या एका दिवसाच्या सौजन्याने मराठी उपासनेला कोणता कवी मिळाला, हे त्याला कळले असेल असे मला वाटत नाही. प्रवासातील अर्थ कधी कधी आपल्यासाठी नसतोच, तो शेजारी बसलेल्या माणसासाठी असतो, हे त्या घटनेत मला फार मोलाचे वाटते.

त्याच प्रवासाची दुसरी बाजूही विसरू नये. टिळकांना जे मिळाले त्याने लक्ष्मीबाईंचा संसार उद्ध्वस्त झाला. पतीपासून दुरावून, लहान मुलाला घेऊन त्यांनी काही वर्षे काढली, आणि १९०० साली त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्या. कोणाच्या तरी आनंदाचा प्रवास दुसऱ्या कोणासाठी अश्रूंचा असतो. वाटेवरच्या प्रत्येक गोष्टीला चटकन गोड अर्थ लावण्याचे मला भय वाटते ते यासाठीच.

आता अभंगांविषयी. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक उघडपणे सांगत, आणि बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी तुकोबांना टाकले नाही. अभंग आणि ओवी हीच वळणे त्यांनी ख्रिस्ती भजनाला दिली, जी आम्ही आजही दर रविवारी मंडळीत गातो. त्याही आधी, सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र मराठी ओव्यांत लिहिले ते इथल्या लोकांच्या कानांना ओळखीचे वाटावे म्हणूनच. तेव्हा त्या बायकांचे गाणे ऐकून आपले मन प्रार्थनेला बसत असेल तर आपण आपली जपमाळ निःशंकपणे म्हणावी. त्यांची भक्ती त्यांची आहे आणि तिला आपल्या नावाचे लेबल लावण्याची गरज नाही. तिच्या शेजारी बसून आपल्याला प्रभूपुढे शांत होता येते, यात संकोच कसला?

प्रतिसाद (पुणे)

थोडक्यात लिहितो. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे परंपरेने यरुशलेमकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात. त्यांत वाटेवरच्या दगडधोंड्यांना अर्थ लावत बसलेले कोणी दिसत नाही. १२१व्या स्तोत्रात पाय घसरेल काय, दिवसा ऊन बाधेल काय, हीच चालणाऱ्याची भीती आहे, आणि ती तशीच्या तशी देवापुढे ठेवलेली आहे. आपल्या वहीत गर्दीचा अर्थ आहे, परंतु गर्दीची भीती, थकवा, राग आहे काय? नसेल तर तेथून सुरुवात करून पाहावी.

प्रतिसाद (जालना जिल्हा, एसटी वाहक)

सर्वांना सलाम. वरच्या मंडळींइतके माझे वाचन नाही, पण ज्या माणसाचा प्रवास हीच नोकरी आहे त्याचे दोन शब्द ऐकावेत.

अम्माऊसची गोष्ट मलाही प्रिय आहे, तरी मागाहून अर्थ लागतो या एकाच गोष्टीवर थांबू नये असे मला वाटते. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवरचा शोमरोनी हासुद्धा प्रवासीच होता. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला पाहूनही याजक आणि लेवी (मंदिरातील सेवक) त्याच वाटेने पुढे निघून गेले. वाट एकच, जखमी माणूसही एकच. शोमरोन्याला त्या प्रसंगात काही आध्यात्मिक अर्थ सापडला असे प्रभू सांगत नाही. त्याला कळवळा आला, तो थांबला, त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि पुढे निघून गेला. परत येईन तेव्हा उरलेले देईन असेही तो म्हणाला, म्हणजे ती त्याची नेहमीची वाट असावी. त्याने प्रवास सोडला नाही, फक्त थांबवला. आमच्या कामात हे रोज समोर येते. सुटणाऱ्या गाडीमागे धावणारी म्हातारी दिसली की दोरी ओढायची की नाही, याचा निर्णय एका क्षणात करावा लागतो. त्याला रात्रीची दहा मिनिटे उपयोगी पडत नाहीत. मी कितीतरी वेळा दोरी ओढलेली नाही आणि त्याची आठवण मला अजून आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षे मी मुक्कामी गाडीवर होतो. रात्री शेवटच्या गावी पोहोचायचे, तेथेच झोपायचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे. एका पावसाळी रात्री रस्त्यात पाणी असल्यामुळे आम्ही फार उशिरा पोहोचलो आणि सोबत डबा नव्हता. एका घरातून ज्वारीची एकच भाकरी आणि पिठले आले. आमचे चालक वारकरी, गळ्यात माळ असलेले. त्यांनी भाकरी हातात घेतली, काही न बोलता मधोमध मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढे ठेवला. त्या वेळी माझे सारे लक्ष रोकड पिशवीकडे आणि वे-बिलातल्या हिशेबाकडे होते, म्हणून मी तो खाल्ला आणि झोपलो. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि त्या चालकांचे हात माझ्या डोळ्यांपुढे आले. तेव्हा नाशिकचे गुरुजी म्हणतात ते खरेच आहे. मात्र चालकांनी भाकरी मोडली ती मला पुढे अर्थ लागावा म्हणून नव्हे, मी भुकेला होतो म्हणून.

प्रश्नकर्तीचे उत्तर, नऊ दिवसांनंतर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे.

वही मी बाजूला ठेवली आहे. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे रोज रात्री दहा मिनिटे बसते. पहिल्या तीन रात्री थकव्याशिवाय काहीच आठवले नाही, तेव्हा पुण्याहून आलेल्या सूचनेप्रमाणे तोच प्रभूपुढे ठेवला. चौथ्या रात्री मात्र माझे मन एका बाईवर थांबले, आणि त्यानंतरही ते तिच्याकडेच जात आहे. ती मीरा रोडला चढते, तिच्या हातात बहुधा एक्स-रेचे मोठे पाकीट असते आणि ती दाराजवळच्या पत्र्याला टेकून उभी राहते. मागच्या कित्येक आठवड्यांत मी तिला अनेकदा पाहिले असले पाहिजे, कारण तिच्या पाकिटाचा फाटलेला कोपरासुद्धा मला स्पष्ट आठवतो. माझ्या वहीत तिच्याविषयी एकही ओळ नाही. त्या सगळ्या दिवसांत मी खिडकीबाहेर अर्थ शोधत होते.

काल सकाळी ती दिसली आणि मी उठून तिला माझी जागा दिली. मी काही विचारले नाही, तिनेही काही सांगितले नाही. ती बसली, पाकीट मांडीवर ठेवून तिने डोळे मिटले, आणि मी दादरपर्यंत तिच्याजवळ उभी राहिले. अभंग चालू होते. जपमाळ पिशवीतच राहिली, कारण एक हात कडीला होता आणि दुसऱ्या हातात तिने मला सांभाळायला दिलेली तिची छत्री होती.