मदत हवी आहे: काऊंटी लेजिस्लेटरच्या पत्रातलं बजेट आणि आमची घरपट्टी (टॉम्पकिन्स काऊंटी, न्यूयॉर्क)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आम्ही इथाकाजवळ राहतो. सहा वर्षं भाड्याने काढली, दोन वर्षांपूर्वी स्वतःचं घर घेतलं. आमच्या भागाच्या काऊंटी लेजिस्लेटर (काऊंटीच्या सभागृहात निवडून गेलेल्या प्रतिनिधी) बाई नियमाने लोकांना ईमेल लिहितात आणि टाऊन बोर्डाच्या बैठकीत येऊन काऊंटीत काय चाललंय ते सांगतात. भाड्याने राहत असताना ही पत्रं मी न वाचता पुढे सरकवायचे. आता घरपट्टी आपल्या खिशातून जाते, म्हणून या महिन्याचं पत्र तीनदा वाचलं. ते सगळं पुढच्या वर्षाच्या बजेटबद्दल आहे. बाईंनी मनापासून लिहिलंय, पण माझ्या तीन गोष्टी अडल्या आहेत.

पहिली. त्या म्हणतात, लेव्ही वाढेल पण दर किंचित खाली येईल. मी आमच्या घराच्या नव्या असेसमेंटवर, म्हणजे करासाठी ठरवलेल्या किमतीवर, हिशोब मांडला तर आमचं बिल भलतंच वाढतंय. दर खाली आणि बिल वर, हे कसं?

दुसरी. पत्रात दोनदा आलंय की बजेटचा मोठा भाग लेजिस्लेचरच्या हातात नसतो. मी आजवर काऊंटी म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषद असंच समजत होते. हातात नसेल तर मग हे लोक मत कशावर देतात?

तिसरी गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत, आमच्याकडेच असतात. आठवड्यातून दोन दिवस एक छोटी बस त्यांना दारातून घेते, ज्येष्ठांच्या जेवणाला नेते आणि परत सोडते. सासूबाई गेल्यापासून बाबा त्या दोनच दिवशी सकाळी आपणहून दाढी करतात. पत्राबरोबर "ओव्हर टार्गेट रिक्वेस्ट" अशी एक लांबलचक यादी जोडली आहे. त्यात ही बस येते की नाही, मला कळत नाही. जाहीर सुनावणीत जाऊन बोलावं असं फार वाटतंय. पण आम्ही अजून नागरिक नाही, मत देता येत नाही. बोलता येतं का? आणि बोलायचं तर नेमकं काय मागायचं?

ऑलबनीकर

ताई, पत्रही बरोबर आहे आणि तुमचा हिशोबही.

आमच्या आजोबांच्या तोंडी लेव्ही हा शब्द असायचा. सरकार ठरवायचं की गावातून एवढी ज्वारी उचलायची. मग ज्याची जमीन जास्त, त्याच्या खळ्यातून पोती जास्त. इथली लेव्ही तशीच समजा. घरपट्टीतून एकूण किती रक्कम उभी करायची, ते काऊंटी ठरवते. ती रक्कम सगळ्या घरा-जमिनींच्या किमतीवर वाटली जाते. दर हा त्या भागाकारातून निघतो, तो कोणी आधी ठरवत नाही.

सोपे आकडे घेऊ (हे उदाहरणापुरते, तुमच्या काऊंटीचे नव्हेत). मागच्या वर्षी दर हजारी ५ डॉलर, तुमचं घर ३,००,०००चं, म्हणजे बिल १,५०० डॉलर. यंदा लेव्ही ४ टक्के वाढली, पण काऊंटीतल्या सगळ्या मालमत्तेची मिळून किंमत ८ टक्के वाढली. नवा दर ५ × १.०४ ÷ १.०८, म्हणजे ४.८१५. दर खाली आला. पण तुमच्या घराची असेसमेंट २० टक्क्यांनी वाढून ३,६०,००० झाली असेल, तर बिल येतं सुमारे १,७३३.

आता यातला कामाचा भाग. तुमचं घर बाकीच्यांइतकंच, ८ टक्के, वाढलं असतं तर बिल १,५६० झालं असतं. म्हणजे २३३ डॉलरच्या वाढीपैकी ६० डॉलर लेव्हीमुळे, आणि १७३ डॉलर तुमचं घर इतरांपेक्षा जास्त वधारल्यामुळे. लेजिस्लेटर बाईंना जाब विचारायचा तो ६० डॉलरचा. १७३साठी असेसमेंट खात्याकडे जायचं. तुमच्याकडे हे काम काऊंटीच करते. राज्यात असं फक्त टॉम्पकिन्स आणि नासाऊमध्ये आहे, बाकी सगळीकडे टाऊन किंवा शहर करतं. तात्पुरती यादी मे महिन्यात लागते, तेव्हाच तक्रार करायची. आरपी-५२४ हा त्याचा फॉर्म. १ जुलैला यादी पक्की झाली की यंदाचं दार बंद, म्हणून कॅलेंडरवर पुढचा मे आत्ताच लिहून ठेवा.

आणखी एक गैरसमज आमच्याकडे घरोघरी आहे. "दोन टक्क्यांची मर्यादा आहे ना, मग माझं बिल जास्त कसं वाढलं?" २०११च्या कायद्याने आलेली आणि २०१९ मध्ये कायमची झालेली ती मर्यादा लेव्हीवर आहे, एकेका घराच्या बिलावर नाही. दोन टक्के किंवा महागाई, यातलं जे कमी ते धरतात, आणि पुढे नवी बांधकामं, पेन्शन वगैरेचे हिशोब मिळवून खरा आकडा काढतात. ६० टक्के मतांनी स्थानिक कायदा करून ती ओलांडताही येते.

जेनेसीकाठ

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो. मी मन्रो काऊंटीत आहे, पण राज्य एकच असल्याने गाडं सारखंच.

जिल्हा परिषदेशी तुलना अर्धीच लागू पडते. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा बराचसा कारभार राज्याच्या अनुदानावर चालतो. वरून पैसा येतो, खाली खर्च होतो. इथे उलटाही प्रवाह आहे. राज्य म्हणतं ही सेवा द्या, आणि तिच्या खर्चाचा एक वाटा काऊंटीने आपल्या घरपट्टीतून भरायचा.

सगळ्यात मोठं उदाहरण मेडिकेडचं, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचं. १९६६ मध्ये न्यूयॉर्कने ही योजना सुरू केली तेव्हापासून काऊंट्या तिचा वाटा भरत आल्या आहेत. देशातल्या बहुतेक राज्यांत काऊंट्यांवर एवढा भार नाही. वाढीवर आधी वर्षाला ३ टक्क्यांची मर्यादा आली, आणि २०१५पासून पुढची वाढ राज्याने स्वतःकडे घेतली. तरी मूळ वाटा आहेच. ओबामांच्या काळातल्या आरोग्य कायद्यामुळे केंद्राकडून जी जादा मदत काऊंट्यांना मिळायची, ती २०२३च्या राज्य बजेटपासून राज्य स्वतःकडे ठेवू लागलं. बऱ्याच काऊंट्यांच्या बजेटला तेव्हा मोठा खड्डा पडला.

पुढे बघा. सेफ्टी नेट नावाची गरिबांची रोख मदत: २०११पासून ७१ टक्के काऊंटीचे, २९ राज्याचे, आणि नियम सगळे राज्याचे. शाळेत जाण्याआधीच्या वयातल्या मुलांचं विशेष शिक्षण: ४०.५ टक्के काऊंटीचे. शिवाय गरिबांसाठी सरकारी वकील, प्रोबेशन, बालसंरक्षण, कर्मचाऱ्यांचं पेन्शन. न्यूयॉर्कच्या काऊंट्यांची संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे की अशा नऊच गोष्टींत घरपट्टीच्या लेव्हीचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग जातो.

या सेवा नकोत असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या धाकट्याला दोन वर्षांचा असताना बोलण्याची थेरपी काऊंटीच्या अर्ली इंटरव्हेन्शनमधूनच मिळाली. सांगायचं इतकंच की "आमच्या हातात नाही" हे वाक्य टाळाटाळीचं नाही. उरलेल्या थोड्या भागातच रस्ते, शेरीफची गस्त, ग्रंथालय, बस, वृद्धांच्या सेवा, कम्युनिटी कॉलेज हे सगळं एकमेकांशी भांडतं. लेजिस्लेटरांची खरी मतं तिथेच पडतात, आणि आपण बोलायचं तेही तिथलंच.

कयुगाकाठची

मी तुमच्याच काऊंटीत चौदा वर्षं आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते.

बोलता येतं. नागरिकत्व कोणी विचारत नाही. माझं पहिलं बोलणं मी व्हिसावर असताना झालं. साधारण तीन मिनिटं मिळतात.

पण सुनावणीची वाट बघू नका! नवीन माणूस इथेच चुकतो. आपल्या काऊंटीत निवडून आलेला एक्झिक्युटिव्ह नाही, नेमलेला काऊंटी ॲडमिनिस्ट्रेटर असतो. तो सप्टेंबरच्या सुमारास बजेट सुचवतो. मग सगळे लेजिस्लेटर मिळून "एक्सपांडेड बजेट कमिटी" म्हणून बसतात, एकेका खात्याचं ऐकतात आणि ऑक्टोबरात दुरुस्त्यांवर मतं देतात. जाहीर सुनावणी आणि शेवटची मंजुरी नोव्हेंबरात. तोवर बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. तेव्हा याच आठवड्यात बाईंना ईमेल करा.

आता ओव्हर टार्गेट रिक्वेस्ट, म्हणजे ओटीआर. प्रत्येक खात्याला वर्षाच्या मध्यात एक आकडा दिला जातो: एवढ्यात भागवा. त्याच्या वर जे हवं, ते वेगळ्या अर्जाने मागायचं. ओटीआरच्या यादीत नसलेल्या गोष्टी मूळ बजेटात असू शकतात, म्हणून बाबांची बस यादीत दिसली नाही तर लगेच घाबरू नका. यादीत असेल तर दोन गोष्टी पाहा. ॲडमिनिस्ट्रेटरने शिफारस केली आहे का, आणि रक्कम एकदाच द्यायची आहे की दरवर्षीची. एकदाच दिलेली रक्कम पुढच्या वर्षी आपोआप येत नाही, पुन्हा मागावी लागते. गंगाजळीतून, म्हणजे फंड बॅलन्समधून, असे एकदाचे खर्च भागवतात. दरवर्षीचा खर्च गंगाजळीवर टाकायला शहाणा लेजिस्लेटर तयार होत नाही.

वृद्धांच्या जेवणाच्या आणि प्रवासाच्या पैशात केंद्राचाही भाग असतो, १९६५च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टखाली. त्या पैशाला जोड म्हणून स्थानिक वाटा घालावा लागतो. तुमच्या बोलण्यात हा मुद्दा नक्की आणा: काऊंटीने आपला वाटा टिकवला तरच बाहेरचे डॉलर टिकतात. शहरातल्या मोठ्या बसचं, टीकॅटचं, गणित वेगळं आहे. तिचा स्थानिक खर्च इथाका शहर, काऊंटी आणि कॉर्नेल विद्यापीठ समान तीन भागांत उचलतात. दोन्ही बसची गल्लत होऊ देऊ नका, नाहीतर उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं मिळेल.

धागाकर्ती

किती नेमकं सांगितलंत तुम्ही सगळ्यांनी! ६० आणि १७३ची फोड मी नवऱ्याला कागदावर करून दाखवली. दोघांच्याही मनातला राग बराच उतरला.

एक राहिलं. सप्टेंबरात जे मोठं बिल आलं, तेही काऊंटीचंच ना? त्यावर तर सगळ्यात मोठा आकडा होता.

ऑलबनीकर

नाही, ते शाळेचं. शाळांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यांच्या बजेटवर मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी थेट मतदान होतं आणि बिल सप्टेंबरात येतं. काऊंटी आणि टाऊनचं बिल जानेवारीत. घरपट्टीतला सगळ्यात मोठा घास बहुतेक ठिकाणी शाळेचाच असतो. एक गंमत नव्हे, गंभीर गोष्ट: कोणी शाळेची पट्टी थकवली तर बहुतेक काऊंट्या शाळेला ती रक्कम भरून देतात आणि वसुलीची जोखीम स्वतः घेतात.

आणि स्टारची नोंदणी केलीत का? राहतं घर स्वतःचं असेल आणि उत्पन्न ५ लाख डॉलरच्या आत असेल तर शाळेच्या पट्टीवर राज्याकडून सवलत मिळते. नागरिकत्वाची अट नाही, पण नव्या घरमालकाला राज्याकडे स्वतः नोंदणी करावी लागते.

धागाकर्ती

नाही केली! आज रात्रीच करते.

बाईंना लिहायचा मसुदा असा केला आहे. इंग्रजीत पाठवेन, इथे मराठीत टाकते. चुकलं असेल तर सांगा.

"तुमच्या पत्राबद्दल आभार. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. आठवड्यातून दोन दिवस ज्येष्ठांची बस त्यांना जेवणाला नेते. घराबाहेर त्यांची माणसांशी भेट होते ती एवढीच. या सेवेचा काऊंटीचा वाटा पुढच्या वर्षीच्या मूळ बजेटात आहे की ओटीआरमध्ये? ओटीआरमध्ये असेल तर तो एकदाचा आहे की दरवर्षीचा? तो दरवर्षीचा व्हावा यासाठी तुम्ही प्रयत्न करावेत अशी विनंती आहे. तसंच आमची घरपट्टी फार वाढत आहे, तीही कमी करावी."

कयुगाकाठची

शेवटचं वाक्य काढा. तुमच्या वाढीतला मोठा भाग असेसमेंटचा आहे, तो बाईंच्या मताने कमी होणार नाही, आणि एकाच पत्रात सेवा वाढवा आणि पट्टी कमी करा असं आलं की वाचणाऱ्याला दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. त्या जागी असं लिहा: "या सेवेसाठी लेव्हीतला आमचा वाटा भरायला आम्ही तयार आहोत." पट्टी भरणाऱ्या घराकडून असं वाक्य त्यांना क्वचित ऐकायला मिळतं. कमिटीत तो मुद्दा मांडताना त्यांना ते वापरता येईल.

जेनेसीकाठ

सहमत. आणि बाबांचं वय, दिवस, दाढीची गोष्ट, हे सगळं राहू द्या. खात्याचे आकडे त्यांच्याकडे आहेत, हे नाही.

धागाकर्ती

वाक्य बदललं, दाढीचं घातलं, ईमेल गेली. मंगळवारी टाऊन बोर्डाच्या बैठकीला बाई येणार आहेत, तिथेही भेटेन. बाबांना मसुदा वाचून दाखवला तर म्हणाले, मीही येतो, माझं मी मराठीत बोलतो, तू शेजारी उभी राहून इंग्रजी कर. तीन मिनिटांतली दीड त्यांना देणार आहे.