बडोदा–लंडन: खरं अंतर किती, आणि दिल्लीमार्गे की मुंबईमार्गे?

मांडवीकर
बडोद्याच्या हरणी विमानतळाहून लंडनला थेट विमान नाही. एका साईटवर अंतर ६,९७० किमी दिसतं, दुसरीवर साडेसात हजारांच्या पुढे. खरं कोणतं? दिल्लीला जायचं म्हणजे आधी उलट्या दिशेला, मग मुंबईच बरी ना? आणि जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच्या आत, हे कसं?

रावपुरा_जुना
दोन्ही आकडे बरोबर. ६,९७० हे पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळचं अंतर. कॅल्क्युलेटरवर पडताळा: साइन २२.३ × साइन ५१.५ + कोसाइन २२.३ × कोसाइन ५१.५ × कोसाइन ७३.७. पहिले दोन कोन म्हणजे बडोदा आणि लंडनचे अक्षांश, तिसरा रेखांशांतला फरक. उत्तर सुमारे ०.४५९, त्याचा व्यस्त कोसाइन ६२.७ अंश, गुणिले १११.२ किमी (गोलावरच्या एका अंशाची लांबी). कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर भलतंच काहीतरी येईल, आधी डिग्रीवर करा.

आता तिकिटाचं अंतर. बडोदा–मुंबई ३६३ + मुंबई–लंडन ७,२१० = सुमारे ७,५७५. बडोदा–दिल्ली ७९३ + दिल्ली–लंडन ६,७३० = सुमारे ७,५२५. म्हणजे 'उलटी' वाटणारी दिल्लीच कागदावर पन्नासेक किमीने जवळ! सपाट नकाशा इथेच फसवतो.

येण्याजाण्यातला फरक वाऱ्याचा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. जाताना ते समोरून, येताना पाठीमागून. शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं आणि रांगेत थांबणं त्यातच धरलेलं.

सूरसागर_काठ
कागदावर दिल्ली जवळ, पण एक मोठी गोष्ट राहिली. बडोदा–लंडन ही सरळ रेषा सिंध-बलुचिस्तानावरून, पुढे बाकूजवळून जाते. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. ती बंद असेल तोवर दिल्लीहून निघालेल्या भारतीय विमानाला आधी दक्षिणेला उतरून अरबी समुद्र गाठावा लागतो. मुंबई समुद्रावरच आहे, तिथून वळसा कमी. ब्रिटिश कंपनीच्या विमानाला ही बंदी नाही. म्हणून किमी बघण्याऐवजी कंपनी आणि वेळापत्रकातले तास बघा. भारतीय कंपनी असेल तर मी मुंबईच सुचवीन.

मांडवीकर
आभारी आहे. तास मोजताना वेळेतला फरक साडेपाच धरायचा ना?

रावपुरा_जुना
हिवाळ्यात साडेपाच. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. मुंबईहून दुपारी १:३० ला निघून तिथल्या ६:३० ला पोचणारं विमान जानेवारीत साडेदहा तासांचं, जूनमध्ये साडेनऊचं.

सूरसागर_काठ
आणि दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या. वेगळी तिकिटं असली तर मुंबईत बॅग स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पहिलं विमान टर्मिनल १ ला उतरलं तर टर्मिनल २ गाठायला रस्त्याने जावं लागतं. तेव्हा मध्ये किमान पाच तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं तिकीट बुडतं, कंपनी जबाबदारी घेत नाही. एका पीएनआरवर तीन तास पुरतात. परतताना मात्र एकच पीएनआर असला तरी सहसा मुंबईतच इमिग्रेशन, बॅग घेणं, कस्टम्स आणि मग बॅग पुन्हा सोपवणं, असा क्रम असतो. लंडनला बॅगेचा टॅग बघून घ्या: तो बडोद्यापर्यंतचा आहे की फक्त मुंबईपर्यंतचा.