‘गेन फुल्ल ठेवा’ म्हणणाऱ्यांनो, एकदा आमच्या खाचरात या

भातखाचर:
परवा इथे एकाने मेटल डिटेक्टरबद्दल लिहिलं, ‘सेन्सिटिव्हिटी (म्हणजे गेन) फुल्ल, १५ इंची कॉइल (जमिनीवर फिरवायची तबकडी), डिस्क्रिमिनेशन लावून लोखंड-फॉइल सगळं कट. रुपया दीड फुटावर वाजलाच पाहिजे, नाहीतर मशीन भंगार.’ खाली लोकांनी नुसते लाइकचे अंगठे दिलेत. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अरे बाबांनो, ते व्हिडिओ बघता ते सगळे इंग्लंडच्या कुरणातले. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट ठासून भरलेलं, आणि आपली माती म्हणजे त्याचाच भुगा. मशीनला नाण्याच्या आधी जमीनच ऐकू येते. गेन वाढवला की नाण्याबरोबर मातीचाही आवाज वाढतो, आणि कॉइल मोठी म्हणजे एका वेळी जास्त माती पोटात. आणि खोलीचं गणित कोणी बघतच नाही. छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने पडतो. खोली दुप्पट हवी तर ६४ पट ताकद पाहिजे. ८ चे १० इंच करायचे तरी जवळजवळ चौपट. ते एका बटणातून येणार आहे का?

गेल्या कापणीला वहिनीचं मंगळसूत्र आमच्या मुळशीच्या खाचरात तुटून पडलं. पहिल्या दिवशी मीपण शहाणा, गेन फुल्ल, तीन तास. मिळालं काय, ट्रॅक्टरचे दोन बोल्ट, विळ्याचं मोडकं पातं आणि पाच काळे दगड. हो, नुसते दगड वाजत होते. वहिनी बांधावर बसून एक शब्द बोलत नव्हत्या, ते जास्त लागत होतं. दुसऱ्या दिवशी गेन साठ टक्क्यांवर आणला, रिकामी जागा बघून कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स (मशीनला मातीचा आवाज वगळायला शिकवणं) नव्याने केला, ९ इंची कॉइल, डिस्क्रिमिनेशन (नको तो धातू गाळणं) शून्य, आणि झाडू मारल्यासारखं नाही तर सारवल्यासारखं हळू फिरवलं. दुपारी एक वाटी मिळाली. तिचा मशीनच्या स्क्रीनवरचा आकडा आणि कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सीलचा आकडा, दोनाचा फरक. फॉइल कट करून ठेवलं असतं तर वाटीपण कट झाली असती. दुसरी वाटी चार हातांवर होती. बारीक तार अजून नाही सापडली, मशीनला ती अखंड दिसतच नाही, एकेक कडी वेगळी दिसते.

फुल्लगेन:
पोस्ट माझी होती, नाव घेऊन बोलायचं होतं. वाटी किती खोल होती ते शिताफीने गाळलंत.

भातखाचर:
चार बोटं.

फुल्लगेन:
चार बोटं!! ती तर आईच्या उलथन्यानेपण निघाली असती, त्यावर एवढं प्रवचन. माझ्या मशीनला एअर टेस्टमध्ये रुपया १४ इंचावर वाजतो, गच्चीत दहा वेळा करून बघितलंय. दौंडच्या पुढे भीमेच्या वाळूत १५ इंची कॉइलने दोन फुटांवरून पितळी घागरीचा बुडखा काढला. आणि सिंहगडाच्या खाली ओळखीच्यांच्या शेतात गेन फुल्ल ठेवूनच शिवराई, ते जुनं तांब्याचं नाणं, काढली, ९ इंचावरून, खोलीच्या मीटरवर स्पष्ट दिसत होतं. आता बोला.

गच्चीवरून_खाली:
एअर टेस्ट हवेत होते म्हणून तिला एअर टेस्ट म्हणतात हो. आणि तो मीटर समोरची वस्तू नाण्याएवढी आहे असं धरून चालतो, डब्याचं झाकण दोन फुटांवर असलं तरी ५ इंच दाखवेल. बाकी एवढा त्रास असेल तर पल्स इंडक्शन हे वेगळ्या प्रकारचं मशीन घ्या, मातीकडे बऱ्यापैकी दुर्लक्ष करतं. फक्त खिळा आणि अंगठी त्याला सारखीच, गावठाणात गेलात तर संध्याकाळपर्यंत किलोभर खिळे.

चार_महिने_नोटीस:
थांबा थांबा. शिवराई काढली म्हणजे? कलेक्टरला कळवलं?

फुल्लगेन:
काका, शेतमालकाला विचारून काढली. गडावर नाही गेलो.

चार_महिने_नोटीस:
शेतमालकाचा प्रश्नच नाही. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा वाचा. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज मिळाली की कलेक्टरला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. कळवलंत आणि मूळ मालक कोणी उभा राहिला नाही, तर करार नसताना तीन हिस्से तुमचे, एक जमीनमालकाचा. म्हणजे प्रामाणिक माणसाचा फायदाच आहे, तरी कोणी करत नाही. शिवाय शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू.

फुल्लगेन:
१० रुपये! १० रुपयांत आज अमृततुल्यात चहा येतो न येतो. जुन्या बाजारात दर बुधवारी-रविवारी शिवराया गोणपाटावर ढीग घालून विकतात, तिथे जा की कायदा सांगायला. आमच्याच मागे का?

सातबारा_पीडित:
कायदा बरोबर असेल पण कळवायचं कोणाला? सातबाऱ्यावर आजोबांच्या नावात एक काना जास्त पडलाय, तो काढायला मी अकरा महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतोय. तिथे तांब्याचं नाणं घेऊन गेलो तर आधी मलाच बसवून ठेवतील. (हो, विषय सोडून आहे, माहितीये.)

मातीचे_थर:
मी पुरातत्त्व शिकते म्हणून बोलते, राग मानू नका. पैशांचा मुद्दाच नाही. ‘श्री राजा शिव’ लिहिलेलं नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं ते गेलं की उरतं तांबं. २०२५ मध्ये राजगड, लोहगड, शिवनेरी जागतिक वारशात गेले, तेव्हापासून मशीन घेऊन पायथ्याला फिरणारे वाढलेत असं मला तरी दिसतं. खड्डे तसेच ठेवून जातात.

भातखाचर:
ताई, गडांबद्दल शंभर टक्के, तिथे मशीन नेणाऱ्याचं मशीनच जप्त करावं. पण नांगरटीच्या शेतात कसले थर? ट्रॅक्टरचा फाळ दरवर्षी ८-९ इंच माती उलटीपालटी करतो.

मातीचे_थर:
नांगराच्या तासापर्यंत मान्य. पण मग तुम्ही सगळे त्याच्या खाली जायला एवढे का धडपडताय? सगळं भांडण त्या पुढच्या दोन इंचांचंच तर चाललंय ना.

गच्चीवरून_खाली:
😶

फुल्लगेन:
ताई, तुमचा मुद्दा लागला. शिवराईचा फोटो आणि शेताची जागा तुम्हाला पाठवतो, पुढे काय करायचं तुम्ही सांगा, काकांकडून नको.

आणि खाचरवाले, काल सोसायटीच्या बागेत ७ इंचावर पाचाचं जाड नाणं पुरलं. फुल्ल गेनवर मशीन कुकरसारखं शिट्ट्या मारत होतं, ६५ वर आणलं तर दोन्ही बाजूंनी स्वच्छ आवाज. घ्या, झालं समाधान? पण तेच उभं पुरलं तर ६५ लापण नाही लागलं. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, नाणी त्यात उभीच जातात, त्यावर काय सेटिंग आहे तुमच्याकडे?

भातखाचर:
त्यावर नाहीये. आडवं-उभं दोन्हीकडून फिरवायचं आणि नशीब. वाळूत मोठ्या वस्तूला तुमची १५ इंची चालते हेही मान्य, खांदा शिल्लक राहिला तर. रविवारी या मुळशीला, तार शोधायची राहिलीये. जेवण वहिनींच्या हातचं.

फुल्लगेन:
येतो. ९ इंची तुमचीच वापरू.

चार_महिने_नोटीस:
फोटो पाठवणार ते ठीक. कलेक्टरला कधी कळवताय?