एका रात्रीत ‘रायडर्स टू द सी’ आणि ‘मॅकबेथ’: क्रम, सेट, ओला रंगमंच

तिसरी घंटा:
आयर्लंडमधल्या गॉलवेच्या ड्रुइड नाटक कंपनीने २०२५ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, आयरिश नाटककार जे. एम. सिंगचं ‘रायडर्स टू द सी’ आणि शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ एकाच रात्री केलं. दिग्दर्शन गॅरी हाइन्स यांचं; सिंगच्या नाटकातली मॉर्या (समुद्रात मुलगे गमावणारी आई) आणि लेडी मॅकबेथ, दोन्ही भूमिका मरी मलेन यांच्या. पहिलं नाटक जेमतेम अर्ध्या तासाचं, दुसरं न कापता दोन तासांच्या वर. असा जोडप्रयोग बसवताना छोटं नाटक नुसती नांदी होऊन जाऊ नये म्हणून काय करावं? आणि दोन सेट कसे सांभाळायचे?

नेपथ्यवाला:
दोन सेट लावूच नका. सिंगच्या झोपडीत मोजकंच सामान आहे: चूल, चरखा, जाळी, भिंतीला टेकवलेल्या नव्या पांढऱ्या फळ्या. मॉर्याने शवपेटीसाठी आणलेल्या याच फळ्या पुढे मॅकबेथच्या मेजवानीचं टेबल होऊ शकतात.

खरा त्रास पाण्याचा. मॉर्याचा शेवटचा मुलगा बार्टली बुडतो, त्याचं प्रेत फळीवरून आत येतं, अंगावर शिडाचा तुकडा. पाणी ठिबकतंय हे मॉर्याची मुलगी नोरा आधीच सांगते, त्यामुळे कापड कोरडं दिसून चालत नाही. विंगेतच ते नीट पिळा, चार थेंब पडले तरी पुरे. मध्यंतरात जमीन आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसून घ्या. राहिलेल्या ओलीवर नाटकातलं पाकाचं रक्त सांडलं की जमीन निसरडी होते आणि शेवटच्या तलवारबाजीत हमखास पाय घसरतो. लोकरी कपडे मध्यंतरात वाळत नाहीत, म्हणून बार्टलीचा नट पुढे मॅकबेथमध्ये असेल तर त्याला दुसरा जोड हवाच.

संहितावाली:
क्रम हाच ठेवा. लढाईच्या गदारोळानंतर मोज्याचे टाके मोजणारी नोरा कुणाला ऐकू येणार? आणि नाटक तर तिथेच आहे: ६० टाके घातले, त्यातले ४ सुटले, म्हणजे हा मोजा आधी बुडालेल्या भावाचा, मायकेलचाच. इथे प्रकाश दोघी बहिणींच्या हातांवर आणा. सुटलेला टाका सापडेपर्यंत कॅथलीनने नोराकडे बघायचं नाही. ही दोन मिनिटं उरकली की नाटकाची नांदीच होते.

दुसरी चूक विलापाची. बायका आल्या आल्या टाहो फोडतात. सिंगच्या सूचनेत विलाप हलका आहे, अंगं संथ डोलतात. आवाज शेवटी थोडा चढतो आणि विरतो. त्यावर मॉर्याचं शांत बोलणं ऐकू यायला हवं. नंतर कलाकारांनी अभिवादनाला येऊ नये, सरळ अंधार आणि मध्यंतर.

तिसरी घंटा:
दोन्ही पटलं. मग ‘मॅकबेथ’मध्ये कात्री कुठे लावावी?

संहितावाली:
चेटकिणींची देवता हेकेटी हिचे प्रवेश काढा. ते बहुधा मागाहून घातलेले आहेत. इंग्लंडमधला माल्कम (खून झालेल्या राजाचा मुलगा) आणि मॅकडफ (मॅकबेथविरुद्ध उठलेला सरदार) यांचा प्रवेश लांबतो, त्यात माल्कमने स्वतःचे दुर्गुण सांगण्याचा भाग निम्मा करा. पण मॅकडफला बायकामुलांच्या हत्येची बातमी मिळते तिथे एक ओळही कापू नका. त्याच रात्री आधी प्रेक्षकांनी सहाही मुलगे गमावलेली आई पाहिलेली असते. ‘सगळीच?’ असं मॅकडफ पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा दोन्ही नाटकं एकमेकांना भिडतात, आणि एवढ्यासाठीच ती एका रात्रीत करायची.