तारे दिलेत पण पिक्चर आठवत नाही, तुम्ही नोंदीत लिहिता तरी काय?

अर्धं_तिकीट
गेली तीन वर्षं बघितलेला प्रत्येक पिक्चर लेटरबॉक्स्डवर (बघितलेल्या पिक्चरची नोंद ठेवायचं अ‍ॅप) टाकतोय, तारीख, तारे, झालं. परवा मित्रांत एका पिक्चरचा विषय निघाला, मी लगेच म्हटलं हो बघितलाय की, भारी आहे, तर मैत्रीण म्हणाली मग शेवट पटला का तुला, आणि मला शेवट आठवेचना राव. गुपचूप मोबाइल काढून बघितलं तर साडेचार तारे! कशाबद्दल दिले देव जाणे. दुसरा घोळ म्हणजे ग्रुपमध्ये कोणी पिक्चरची सालटी काढली की मी घरी येऊन हळूच अर्धा तारा कमी करतो (हसू नका). तर काय लिहायचं, आणि मित्रांशी बोलायच्या आधी की नंतर?

शेवटची_रांग
आधी. आणि एकच सीन लिही, बाकी काही नको. मी वही वापरते, सुरुवातीला मोठं परीक्षण लिहायला बसायचे आणि मग 'छायाचित्रण उत्तम, अभिनय संयत' असलं काहीतरी उमटायचं, ते दोन महिन्यांनी वाचलं तर कुठल्याही पिक्चरला चिकटवता येईल. आता एका नोंदीत फक्त एवढंच आहे, "ती फोन ठेवते पण हात रिसीव्हरवरच. मला वाटलं परत उचलेल. नाही उचलत." एवढ्यावरून अख्खा पिक्चर परत येतो, शेजारी कोण बसलं होतं ते पण.

टायटल_संपेपर्यंत
सीन वगैरे ठीक, पण वर्ष लिहा हो आधी. नुसतं 'देवदास' लिहिलं तर १९३५ चा, १९५५ चा की २००२ चा? आणि कुठली आवृत्ती तेही. 'ब्लेड रनर'वरून मी आणि एक मित्र अर्धा तास भांडलो, तो म्हणे नायक मागून सारखा बोलत असतो, मी म्हणे एक शब्द बोलत नाही, शेवटी कळलं की त्याने १९८२ चा थेटरवाला बघितलाय आणि मी २००७ चा फायनल कट, ज्यात ते निवेदनच नाही आणि गोड शेवटही उडवलाय. दोघंही बरोबर, भांडण फुकट.
आणि लेटरबॉक्स्डच्या सेटिंगमध्ये जाऊन डेटा एक्स्पोर्ट करून ठेवत जा, सीएसव्ही फाइल मिळते, म्हणजे साध्या तक्त्यासारखी यादी. माझी एका दुसऱ्या अ‍ॅपवरची चार वर्षांची यादी अ‍ॅपबरोबरच गेली, अजून हळहळ वाटते.

मध्यंतर
तारा कमी केलास त्यात लाज कसली, मत बदलतं माणसाचं. फक्त जुनं खोडू नकोस, पुन्हा बघितलास तर नवीन नोंद कर, तिथे एकच पिक्चर कितीही वेळा टाकता येतो. मी एका पिक्चरला आधी पाच तारे आणि सहा वर्षांनी अडीच दिलेत, दोन्ही तसेच आहेत, पाचवाला मी जरा भाबडा होतो इतकंच.
आमच्या चौघांत एक पद्धत आहे, पिक्चर संपला की कोणी तोंड उघडायचं नाही, प्रत्येकाने दोन ओळी टाइप करायच्या आणि सगळ्यांचं झालं की एकदम सेंड. नाहीतर जो पहिला बोलतो त्याच्याच मागे सगळे जातात, आणि आमच्यात तो नेहमी एकच असतो :)
बाकी आकड्याच्या नादी लागू नकोस. डिसेंबर आला की लोक दीड तासाच्या आतले पिक्चर शोधत बसतात, का तर वर्षाचा आकडा गोल व्हावा म्हणून.

अर्धं_तिकीट
करून बघितलं. काल रात्री एक बघितला, तारे दिलेच नाहीत, लिहिलं, "म्हातारा उलटसुलट चपला घालून निघतो, दारात तिघं उभे, कोणी सांगत नाही." सकाळी ग्रुपवर टाकलं तर मैत्रीण म्हणते चपला उलटसुलट नव्हत्याच, दोन वेगवेगळ्या जोडातल्या होत्या, आणि दुसरा म्हणतो चपला कुठे, बूट होते. आज परत लावतोय, तिघं मिळून.